सुती दावं

धुळ्यात बघण्यासारखं काय काय आहे, ते मी आदल्या संध्याकाळीच फोनमध्ये शोधून ठेवलं होतं. लळिंगचा किल्ला, पांझरेच्या काठचं एकवीरा देवीचं देऊळ, जुन्या मूर्ती ठेवलेलं एक संग्रहालय, आणि आग्रा रोडला लागून असलेल्या, नावाऐवजी नंबर मिळालेल्या गल्ल्या. जळगावहून धुळं काही लांब नाही, पण आमच्यासाठी धुळं म्हणजे बसस्टँड. तिथे बस बदलायची आणि नानांच्या गावाला जायचं. स्टँडच्या पलीकडे शहर आहे हे माहीत होतं, पण आत कधी गेलेच नव्हते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील नोकरीसाठी जळगावला आले, मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि नाना लळिंगच्या पुढे, हायवेपासून थोड्या आतल्या गावात शेती करत राहिले. सुट्टी मिळाली की मी चार दिवस त्यांच्याकडे जाते. तिथे कुणी मला फारसं बोलायला लावत नाही, हे त्यातलं एक कारण.

"उद्या धुळ्याला जाऊन येईन म्हणते," मी मोठ्या आईला, म्हणजे नानांच्या बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. उत्तर अंगणातून आलं.

"मनासंगे चाल. तुले धुये दखाडस."

माझ्याशी नाना मराठी बोलायचं ठरवून सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीवर येतात. या वेळी पहिल्याच वाक्याला आले होते. मोठी आई हसली. "दाखवतील बरं धुळं! उद्या गुरांचा बाजार आहे. बैलांची शेपटं बघून येशील."

बाजाराचं काय ते मला माहीत होतं. घरातलं प्रत्येक जण त्याबद्दल एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होतं.

नानांच्या बैलजोडीतला एक बैल पावसाळ्याच्या शेवटी गेला. डावा. जोडीतला एक बैल कायम डाव्या बाजूला जुंपतात आणि एक उजव्या, आणि लहानपणापासून ज्या अंगाला लागला त्याच अंगाला तो आयुष्यभर चालतो, हे मला तेव्हाच कळलं. उरलेला उजवा बैल गोठ्यात अजूनही आपल्या जागेवरच उभा राहायचा. सगळा गोठा मोकळा असताना डावीकडची अर्धी जागा तशीच सोडून. मी आल्या दिवशी त्याला चारा टाकायला गेले, तर त्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा डावीकडे सरकवून ठेवला. कदाचित तसं नसेलही. पण मला तसं दिसलं.

नाना जोड शोधायला जामनेरच्या बाजाराला जाऊन आले, चाळीसगावला जाऊन आले. कुठे उंची जुळेना, कुठे चाल. शेवटी त्यांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने सांगून टाकलं, की आता धुळ्याचा एकच बाजार. जोड मिळाली तर ठीक, नाहीतर हा एकटा बैलही देऊन टाकू. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. दादा वाईट नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, एकटा बैल नुसता खातो, हे तो म्हणायचा तेव्हा त्यात चूक काहीच नसायचं. नाना ऐकून घ्यायचे आणि गोठ्यात जाऊन बसायचे.

सकाळी निघताना मोठ्या आईने विचारलं, "दावं घेतलं ना?"

"घेतलं, घेतलं," नाना म्हणाले.

मी त्यांना ते घेताना पाहिलं होतं. गोठ्यातल्या डाव्या खुंटीवरून त्यांनी एक पिळदार, हाताळून गुळगुळीत झालेलं दावं काढलं, झटकलं, आणि पिशवीत टॉवेलाखाली ठेवलं. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. बैल आणायचा तर दोर लागणारच.

शेजाऱ्यांची पिकअप होती. चालवणारे शेजारी आम्हाला बाजाराच्या दारात सोडून आपल्या कामाला कांदा मार्केटला गेले. नानांचा मोबाईल नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला होता. तो तिथेच असतो.

गुरांचा बाजार मी पहिल्यांदाच पाहत होते. आधी वास आला, मग आवाज, आणि मग एकदम इतकी जनावरं दिसली, की मला वाटलं धुळं हे शहर माणसांनी मागाहून येऊन वसवलं असणार. खानदेश हा मुळात गवळ्यांचा, गुराख्यांचा मुलूख, आणि अहिराणी ही त्यांचीच बोली, असं मी वाचलं होतं. वाचताना ते फार जुनं वाटलं होतं. इथे ते पान खात, दोर धरून, एकमेकांच्या बैलांना नावं ठेवत उभे होते.

नाना एकेका रांगेतून चालत होते. प्रत्येक बैलाच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहायचे, हात त्याच्या वशिंडापर्यंत नेऊन उंची बघायचे आणि पुढे जायचे. मी मागे मागे. ऊन चढत गेलं. एक रांग संपली, दुसरी संपली. त्यांची मान थोडी खाली गेली होती. मी माझ्या यादीतल्या संग्रहालयाचा विषय काढला नाही.

मग ते थांबले.

पांढरा खिल्लार, मानेवर राखाडी झाक, शिंगं मागे वळलेली. डाव्या शिंगाच्या टोकाला थोडा टवका उडालेला. त्याच्या शेजारी साक्रीकडचे एक म्हातारे शेतकरी पायांवर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"आबा, हाऊ डावा का उजवा शे?"

"डावा शे. जलमपाईन डावा."

नानांनी त्याला चालवून पाहिलं. पुन्हा चालवलं. तोंड उघडून दात पाहिले. लांब जाऊन पाहिलं, बसून पाहिलं. मला वाटलं झालं, तर ते परत चालवायला लागले. आबांना राहवेना.

"नाना, बैल लेवाले वनात का सोयरीक कराले? कुंडली पण आणू का त्यानी?"

आजूबाजूचे हसले. नानाही हसले, आणि मला त्या हसण्यावरून समजलं की हाच तो. दोघांनी एका उपरण्याखाली हात घातले, बोटांनी काहीतरी बोलणं झालं, आबांनी मान हलवली, पुन्हा बोटं, आणि मग दोघांनीही एकदम हात सोडले. काय ठरलं ते बाहेर कुणाला कळलं नाही, मलाही नाही. मी तेवढ्यात बैलाचे फोटो काढले. एक मानेचाही, नानांचा हात त्यावर असताना.

आता फक्त दावं घालायचं राहिलं होतं. जनावर विकलं तरी विकणारा आपलं दावं देत नाही, ते घरी परत नेतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्याने आपलं नवीन आणायचं. ते गळ्यात पडलं की सौदा पक्का.

नानांनी पिशवीतून दावं काढलं. आबांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने चोळलं.

"जुनं शे."

"जुनं शे, पण मजबूत शे. मना हातनं शे."

"कोनं व्हतं हाई?"

इथे नाना काहीही सांगू शकले असते. गाईचं होतं, घरात पडलेलं होतं. तिथे खरंखोटं करणारं कोण होतं?

"घरना बैलना जोडीदारनं," ते म्हणाले. "गया तो."

आबांनी दावं परत त्यांच्या हातात दिलं. रागाने नाही. दुसरा हात त्यांनी बैलाच्या मानेवर ठेवला. "मग जमाव नही, नाना. गेलेल्याचं दावं मी याच्या गळ्यात पडू देणार नाही. मना लेकरू शे हाऊ."

नानांनी वाद घातला नाही. त्यांनाही हे माहीतच असणार. त्यांच्याकडेही कुणी असं दावं आणलं असतं तर ते हेच बोलले असते. पण त्यांची बोटं आता थरथरतात, नवीन दावं वळता येत नाही, आणि स्वतःच्या हातचं ते एवढंच उरलं होतं. सकाळी खुंटीवरून काढताना त्यांनी स्वतःला काय समजावलं असेल, ते मी विचारलं नाही.

बाजाराच्या दारात दाव्यांची दुकानं होती. मी पळत जाऊन पाहून आले. सगळं नायलॉन. हिरवं, निळं, गुलाबी.

"नायलॉन नही," नाना म्हणाले. "नायलॉन मान कापस."

"घ्या!" आबा म्हणाले. "बैलाआधी नानांचा हट्ट विकायला ठेवा रे कुणीतरी. माझा साक्रीला परत जाणारा टेम्पो भरायला लागलाय. टेम्पो भरे तोपर्यंत थांबस मी. मग तो उभा शे, त्याले देस."

'तो' म्हणजे पांढरा शर्ट घातलेला एक व्यापारी. मघापासून तो आमच्या बैलाकडे बघत नसल्यासारखा बघत होता. नाना जागचे हलले असते तर तो पुढे झाला असता. म्हणून नानांना हलता येत नव्हतं. पिकअपवाले शेजारी कांदा मार्केटला. राहिले मी.

"आग्रा रोडना मागे गल्ली शे," नाना सांगायला लागले, "सुती दावं भेटस. दारात मोठं निंबाचं झाड, शेजारी पितळी भांड्यांचं दुकान..." मग माझ्याकडे बघून थांबले. मी अनोळखी माणसाशी बोलण्याआधी वाक्य मनात तयार करून घेते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "ऱ्हाऊ दे बेटा," ते म्हणाले.

"गल्लीचा नंबर सांगा," मी म्हणाले.

नंबर असलेल्या गल्ल्या माझ्यासारख्या माणसासाठी सोयीच्या. कुणाला काही विचारावं लागत नाही. मी रिक्षावाल्याला नुसता आकडा सांगितला आणि त्याने मला पाचकंदील चौकाच्या गर्दीतून, हातगाड्या, साड्यांची दुकानं, भर रस्त्यात उभ्या राहून बोलणाऱ्या बायका ह्यांच्यामधून बरोबर त्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. आत गेले. निंबाचं झाड नव्हतं. पितळी भांड्यांचं दुकानही नव्हतं. जिथे दाव्यांचं दुकान असायला हवं होतं, तिथे मोबाईलची कव्हरं लटकत होती.

आता विचारणं भाग होतं. समोर एक शिंपी मशिन चालवत होते. मी वाक्य तयार केलं, ते मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि विचारलं, "इथे बैलासाठी सुती दावं मिळायचं ना?"

त्यांनी पाय थांबवले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

"ताई, बैल कुठे बांधणार? फ्लॅटमध्ये?"

शेजारच्या पापडांच्या दुकानातल्या बाई फिस्सकन हसल्या. माझे कान गरम झाले. एरवी मी "राहू द्या" म्हणून निघाले असते. पण डोळ्यांसमोर टेम्पो भरत होता.

"माझ्या काकांचा बैल आहे," मी म्हणाले. "बाजारात उभा आहे. दावं नेलं नाही तर दुसरा माणूस घेऊन जाईल."

हसणं थांबलं. पापडवाल्या बाई दुकानातून खाली उतरल्या. "असं सांग ना मग! अगं, ते दावं विकणारे चाचा दुकानासकट देवपूरला गेले, नदीपलीकडे. देवीच्या देवळाच्या अलीकडे विचार, दोरवाले म्हणून. ए भाऊ," त्यांनीच रिक्षा थांबवली, "या पोरीला देवपूरला सोड, आणि गप्पा मारत बसू नको, तिचा बैल चाललाय!"

अशा रीतीने मी पांझरा पाहिली. पुलावरून, रिक्षातून, अर्धं पाणी आणि अर्धे दगड. काठावर कपडे वाळत होते, आणि त्यांच्यावर एकवीरेच्या देवळाचा कळस. मी फोनमध्ये पाहिलेल्या फोटोपेक्षा देऊळ लहान वाटलं आणि जवळचं. रिक्षातूनच हात जोडले.

दोरवाल्या चाचांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर अर्धं खाली होतं, जेवणाची वेळ. मी वाकून आत पाहिलं. चाचा ताटावर बसले होते, चाची वाढत होत्या.

"बैल के लिए?" चाचांनी घास थांबवून विचारलं. "नवीन घेतला का?"

"हो. म्हणजे, नाही. अजून घेतला नाही. दावं घातल्याशिवाय ते देत नाहीत."

"बराबर है उनका. मान किती? जाड, बारीक?"

मला कळेना कसं सांगावं. मग फोटो आठवला. चाचांनी हात धुतले, फोन लांब धरून पाहिलं, नानांचा हात आणि मान ह्यांचा अंदाज घेतला. चाचीही डोकावल्या.

"दूल्हा तो अच्छा है," त्या म्हणाल्या. "रंग गोरा है. ससुराल कहाँ है?"

"लळिंगच्या पुढे," मी म्हणाले, आणि मला हसू आलं.

पांढरं सूत होतं, जाड. चाचांनी माप घेतलं, पीळ दिला, गाठ मारायची जागा तयार केली. त्यांचं काम बघत बसावं असं होतं. एरवी मी बसले असते. "चाचा, जरा लवकर," माझ्या तोंडून निघालं, "टेम्पो भरत आलाय." त्यांनी मान वर न करता "हो बेटी, हो" म्हटलं. शेवटी चाचींनी एक लाल गोंडा आणून त्यात ओवला. "ये हमारी तरफ से. नवा माणूस घरी येतोय, असाच कसा जाईल?"

मी परत पोचले तेव्हा टेम्पोचं मागचं फळकुट अजून उघडं होतं, पण आत फारशी जागा नव्हती. पांढरा शर्ट दोन पावलं जवळ आला होता. नाना बैलाशेजारी उकिडवे बसले होते, जुनं दावं मांडीवर. आबा त्यांना म्हणत होते, "तुमनी पोर दुसरा बाजारमा गई वाटतं, नाना. ती आता हत्ती घेऊन येईल."

मी दावं पुढे केलं. आबांनी तेही अंगठ्याने चोळलं. गोंडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं.

"हाई चांगलं शे," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. नानांनी नवीन दावं गळ्याभोवती नेलं, पण गाठ बसेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. पांढरा शर्ट बघत होता. मी पुढे व्हावं की नाही ते मला ठरवता येईना. तेवढ्यात आबांनीच नानांच्या हातातून टोकं घेतली आणि आपल्या बैलाच्या गळ्यात आमच्या दाव्याची गाठ मारली. घट्ट आहे का ते दोनदा ओढून पाहिलं.

"उन्हायामा पाणी जास्त लागस त्याले," गाठीकडे बघतच ते म्हणाले. "आणि सुरुवातीला रात्री ओरडेल. तेव्हा शिव्या देऊ नका."

"नही देवाव," नाना म्हणाले.

पिकअप आली, बैल चढला. नाना मागे त्याच्याजवळच बसले. मीही मागेच चढले. शेजाऱ्यांनी पुढे बसायला सांगितलं तरी. हायवेला लागल्यावर नानांना एकदम आठवलं.

"बठ्ठं धुये दखी वनी का माय?"

"पाहिलं की," मी म्हणाले. पाचकंदील सांगितलं, शिंपी सांगितले, नदी, देऊळ, चाची. मी सलग इतकं बोलत असल्याचं माझ्या लक्षात आलं, पण नाना ऐकत होते आणि बैलही कान हलवत होता, म्हणून बोलत राहिले. संग्रहालय राहिलं, हेही सांगितलं.

"ते कुठे पळस?" नाना म्हणाले. मग हात वर केला. "हाऊ देख तुना किल्ला."

डोंगरावर लळिंगचा किल्ला दिसत होता. तटाचे तुकडे, वर उतरतं ऊन. शेजाऱ्यांनी चहासाठी गाडी थांबवली. मी कप हातात धरून किल्ला पाहत होते. नवीन बैल रस्त्यावरचे ट्रक पाहत होता. त्याला किल्ल्यात रस नव्हता.

घरी पोचलो तर दादा अंगणातच उभा होता. तो पुढे आला. बैलाभोवती एक चक्कर मारली.

"शिंगाला टवका आहे."

"शे," नाना म्हणाले.

"चालवा बरं."

नानांनी चालवला. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दादा भिंतीला टेकून बघत होता, तोंडावर काही न दाखवता. मग त्याने स्वतःच दोर हातात घेतला आणि बैल गोठ्यात नेला. आम्ही सगळे दारात. जुन्या बैलाने मान वळवली, नव्याच्या मानेला नाक लावलं, फुस्स केलं, लाल गोंडा चाटून पाहिला. नवा थोडा मागे झाला. मग काही न घडल्यासारखा, कुणी ढकललं नाही, ओढलं नाही, तो डावीकडच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. जलमपाईन डावा.

दादाने खिशातून फोन काढला आणि अंगणात गेला. "हां भाऊ," तो म्हणत होता, "नाही, तो बैल आता द्यायचा नाही. नाही, नाही. जोड झाली त्याची."

नाना चारा टाकत होते. दादाचं बोलणं त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मग त्यांनी पिशवीतून जुनं दावं काढलं आणि होतं तिथेच, खुंटीवर अडकवलं. मोठी आई पाण्याची बादली घेऊन आली. तिने आधी नव्या बैलाचा गोंडा पाहिला, मग खुंटीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

"हे कशाला नेलं होतं तुम्ही?"

नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "धुये दखाडाले," ते म्हणाले.